नकाशाला प्रश्न विचारताना

गृहपाठ तपासताना शिक्षक वर्गाला विचारतात, "कोणी कोणी केलाय? हात वर करा." काही हात वर होतात. मग उलट प्रश्न येतो, "आणि कोणी केला नाही?" आणखी काही हात, जरा कचरत, वर होतात. दोन्ही वेळच्या हातांची बेरीज पटावरच्या संख्येइतकी भरते का? बहुतेक दिवशी भरत नाही. जी मुले आज शाळेत आलेलीच नाहीत, त्यांचा हात ना पहिल्या प्रश्नाला वर होतो, ना दुसऱ्या. शिक्षकाची यात फसगत होत नाही, कारण समोर रिकामा बाक दिसत असतो आणि टेबलावर हजेरीपट असतो. संगणकावरच्या नकाशाला आपण असाच प्रश्न विचारतो, तेव्हा मात्र रिकामा बाक दिसत नाही. माझी स्वतःची एकदा यात चांगलीच फसगत झाली आहे. ती हकिगत पुढे येईलच. आधी नकाशाला प्रश्न विचारायचा म्हणजे काय करायचे, ते पाहू.

नकाशामागचा तक्ता

संगणकावरचा नकाशा दिसायला कागदी नकाशासारखाच असला, तरी त्याची घडण निराळी असते. कागदावर जिल्हा म्हणजे रेषांनी वेढलेला एक तुकडा आणि त्यावर छापलेले नाव. संगणकात त्या तुकड्याच्या हद्दीवरील बिंदूंचे स्थान एकीकडे साठवलेले असते आणि त्याला जोडून एका तक्त्यातील एक ओळ असते. नकाशावर जितक्या आकृत्या, तितक्या तक्त्यात ओळी. ओळीतल्या रकान्यांमध्ये त्या आकृतीचे गुणधर्म लिहिलेले असतात : नाव, क्षेत्रफळ, लोकसंख्या, आणखी काय हवे ते. आकृती विहिरीची असेल तर खोली, मालकी, पाण्याची पातळी. नकाशावर एखाद्या जिल्ह्यावर टिचकी मारली की त्याची ओळ उघडते, आणि तक्त्यातली ओळ निवडली की नकाशावर तो जिल्हा उजळतो.

अशी जोडणी प्रथम मोठ्या प्रमाणावर केली गेली ती १९६० च्या दशकात कॅनडामध्ये, रॉजर टॉम्लिन्सन यांच्या पुढाकाराने. त्या अवाढव्य देशातील जमिनीची प्रतवारी आणि वापर यांची नोंद करायची होती, आणि एवढे नकाशे माणसांनी हाताने एकमेकांवर ठेवून तपासणे आवाक्याबाहेरचे होते. आज हे काम करणारी अनेक सॉफ्टवेअर मिळतात. शाळेच्या दृष्टीने सोयीचे आहे क्यूजीआयएस. गॅरी शर्मन यांनी २००२ साली सुरू केलेले हे सॉफ्टवेअर जगभरातील कार्यकर्ते मिळून वाढवत आले आहेत आणि ते मोफत मिळते. पुढची उदाहरणे त्याला धरून दिली आहेत. इतर सॉफ्टवेअरमध्ये बटणे वेगळी असतील, तर्क तोच असतो.

समजा, आपल्यासमोर महाराष्ट्राचा जिल्हावार नकाशा आहे आणि त्याला २०११ च्या जनगणनेचा तक्ता जोडलेला आहे. ओळी ३५ आहेत. (पालघर त्या वेळी ठाणे जिल्ह्यातच होते. ते १ ऑगस्ट २०१४ रोजी वेगळे झाले.) त्यातल्या पाच ओळी अशा :

गडचिरोली : लोकसंख्या १०,७२,९४२, घनता ७४, स्त्रीप्रमाण ९८२
चंद्रपूर : लोकसंख्या २२,०४,३०७, घनता १९३, स्त्रीप्रमाण ९६१
रत्नागिरी : लोकसंख्या १६,१५,०६९, घनता १९७, स्त्रीप्रमाण ११२२
सिंधुदुर्ग : लोकसंख्या ८,४९,६५१, घनता १६३, स्त्रीप्रमाण १०३६
मुंबई शहर : लोकसंख्या ३०,८५,४११, घनता १९,६५२, स्त्रीप्रमाण ८३२

घनता म्हणजे दर चौरस किलोमीटरला माणसे, आणि स्त्रीप्रमाण म्हणजे दर हजार पुरुषांमागे स्त्रिया. आता विचारायचे आहे : विरळ वस्तीचे जिल्हे कोणते? 'विरळ' या शब्दाचा संगणकाला काही उपयोग नाही. त्याला रकान्याचे नाव, तुलनेचे चिन्ह आणि आकडा हवा. म्हणून आपण आधी ठरवायचे की २०० पेक्षा कमी म्हणजे विरळ, आणि मग निवडीच्या चौकटीत लिहायचे :

"घनता" < २००

(हे छापताना मी सारे देवनागरीत लिहिले आहे. प्रत्यक्ष यंत्रावर आकडे आणि पुढे येणारे 'अँड', 'ऑर', 'नॉट' हे शब्द इंग्रजी कळफलकावरूनच टाइप करावे लागतात. रकान्यांची नावे मात्र मराठीत ठेवता येतात.) रकान्याचे नाव दुहेरी अवतरणात आणि मजकुराचे मूल्य एकेरी अवतरणात, हा नियम पहिल्या दिवशी सर्वांनाच छळतो. "जिल्हा" = 'पुणे' हे बरोबर. पुण्याला दुहेरी अवतरण दिले, तर संगणक 'पुणे' नावाचा रकाना शोधायला जातो आणि तो सापडत नाही म्हणून तक्रार करतो.

बटण दाबले की नकाशावर चार जिल्हे पिवळे होतात : पूर्वेकडे गडचिरोली आणि चंद्रपूर, पश्चिम किनाऱ्यावर रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. तक्त्याच्या मथळ्यावर एकूण ३५, निवडलेले ४ असे आकडे दिसतात. या आकड्यांकडे पाहायची सवय मुलांना पहिल्यापासून लावावी. का, ते पुढे कळेल.

एक जंगलाचा मुलूख, दुसरा कोकणचा. दोन्ही एकाच निवडीत आले, कारण आपण फक्त घनता विचारली. आता आणखी एक अट जोडू :

"घनता" < २०० अँड "स्त्रीप्रमाण" > १०००

चारांतले दोन गळतात. उरतात रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग. कोकणातले पुरुष नोकरीधंद्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या मुंबईला जात आले, ही गोष्ट भूगोलाच्या तासाला आपण तोंडी सांगतो. येथे ती मुलांना दोन अटींतून सापडते. लगेच विचारावे, मग ते पुरुष मोजले कुठे गेले? मुंबई शहराची ओळ वर दिलीच आहे : ८३२. मुंबई उपनगराचे प्रमाण ८६० आहे. आकड्यांनी कारण सिद्ध होत नाही, पण कुठे चौकशी करायची ते कळते.

'आणि' म्हणजे आणि नव्हे

संगणक हे काम कसे करतो ते एकदा नीट समजले की पुढच्या बहुतेक चुका टळतात. तो सगळा नकाशा एकदम पाहत नाही. तक्त्यातील एक ओळ हातात घेतो, आपण लिहिलेले वाक्य त्या ओळीला लावून पाहतो आणि ठरवतो, 'खरे' की 'खोटे'. खरे ठरले तर ओळ निवडतो, आणि पुढच्या ओळीकडे वळतो. मागची ओळ त्याला आठवत नाही.

आता हे पाहा. आपण मराठीत सहज म्हणतो, "रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग हे जिल्हे निवड." तेच शब्दशः लिहिले :

"जिल्हा" = 'रत्नागिरी' अँड "जिल्हा" = 'सिंधुदुर्ग'

उत्तर येते शून्य. शिकाऊ माणूस चक्रावतो. दोन्ही जिल्हे तक्त्यात डोळ्यांना दिसत असतात. पण एका ओळीत एकच नाव असते, आणि ते एकाच वेळी रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग असू शकत नाही. ओळीच्या बाजूने विचार केला तर येथे 'ऑर' हवे, म्हणजे 'किंवा'. आपल्या बोलण्यातला 'आणि' दोन गोष्टी एका टोपलीत टाकतो. तर्कातला 'अँड' एकाच गोष्टीवर दोन अटी घालतो. "पोहे आणि उपमा आणा" आणि "गोरा आणि उंच मुलगा" यांतले दोन 'आणि' वेगळे आहेत, हे आपण एरवी लक्षातही घेत नाही. भाषेच्या तासालाही हा विषय रंगेल.

'सोडून' या शब्दाचेही असेच. "रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग सोडून बाकीचे" यासाठी एकाने लिहिले, जिल्हा रत्नागिरी नाही 'ऑर' जिल्हा सिंधुदुर्ग नाही. सगळेच्या सगळे ३५ जिल्हे पिवळे झाले. बरोबरच आहे, रत्नागिरीची ओळ 'सिंधुदुर्ग नाही' ही अट पुरी करते आणि सिंधुदुर्गाची ओळ 'रत्नागिरी नाही' ही. येथे 'अँड' हवे, म्हणजे ३३ येतात. नकार आत शिरताना 'किंवा'चा 'आणि' होतो आणि 'आणि'चा 'किंवा', हा नियम ऑगस्टस डी मॉर्गन यांच्या नावाने ओळखला जातो. हे इंग्रज गणितज्ञ १८०६ साली आपल्या मदुराईत जन्मले होते.

डी मॉर्गन यांचे समकालीन जॉर्ज बूल. 'आणि', 'किंवा', 'नाही' यांचे बीजगणित त्यांनी १८५४ च्या आपल्या ग्रंथात सविस्तर मांडले आणि आज प्रत्येक संगणक त्यावर चालतो. बूल यांच्या पत्नी मेरी या जॉर्ज एव्हरेस्ट यांच्या पुतणी. तेच एव्हरेस्ट, जे १८३० ते १८४३ या काळात भारताचे सर्व्हेअर जनरल होते आणि ज्यांचे नाव शिखराला दिले गेले. नकाशा आणि तर्क यांची सोयरीक अशी जुनी आहे. पुढे १९७० साली आयबीएम कंपनीतील एडगर कॉड यांनी माहिती तक्त्यांच्या रूपात कशी ठेवावी याचे शास्त्र मांडले, आणि १९७४ मध्ये त्याच कंपनीतील डॉनल्ड चेंबरलिन व रेमंड बॉइस यांनी तक्त्यांना प्रश्न विचारण्यासाठी एक भाषा तयार केली. तीच आज एसक्यूएल म्हणून ओळखली जाते. आपण वर लिहिलेली वाक्ये त्याच घराण्यातली.

बीजगणितात गुणाकार बेरजेच्या आधी, तसे येथे 'अँड' हे 'ऑर'च्या आधी. म्हणून कंस :

"जिल्हा" = 'गडचिरोली' ऑर "जिल्हा" = 'रत्नागिरी' अँड "स्त्रीप्रमाण" > १०००

याचे उत्तर दोन जिल्हे. स्त्रीप्रमाणाची अट फक्त रत्नागिरीला लागली. ९८२ असूनही गडचिरोली आत आले. पहिल्या दोन अटी कंसात घातल्या, तर एकटे रत्नागिरी उरते. संगणक दोन्ही वेळा तितक्याच विश्वासाने नकाशा रंगवतो.

नावांचा घोळ

आकड्यांपेक्षा नावे अधिक दगा देतात. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यात बीडचे स्पेलिंग 'बी-आय-डी' असे आहे. आपण 'बी' आणि 'डी'च्या मध्ये दोन 'ई' घालून शोधले, तर बीड जिल्हा महाराष्ट्रात नाहीच असे उत्तर मिळते. मराठीत लिहिले म्हणून प्रश्न सुटत नाही. कराड आणि कऱ्हाड हे एकच गाव आहे, हे सातारकरांना सांगावे लागत नाही. संगणकाला ती दोन गावे वाटतात. त्यातही गंमत अशी, की 'ऱ' हे अक्षर संगणकात दोन प्रकारे साठवता येते : एक स्वतंत्र अक्षर म्हणून, किंवा साधा 'र' आणि त्याखाली नुक्ता म्हणून. पडद्यावर दोन्ही अगदी सारखी दिसतात, आणि तुलना करताना मात्र जुळतीलच असे नाही. नावाच्या शेवटी चुकून पडलेली मोकळी जागाही अशीच अदृश्य आणि तितकीच त्रासदायक. 'लाइक' हा शब्द वापरून "नावाची सुरुवात 'करा'ने होणारी गावे" असा सैल प्रश्न विचारता येतो, पण तो 'कऱ्हाड'ला पकडत नाही, आणि 'करा'ने सुरू होणारी नको ती गावे ओढून आणतो.

शिवाय नावे बदलतात. २०११ च्या तक्त्यात औरंगाबाद, उस्मानाबाद आणि अहमदनगर आहेत. आज कोणी छत्रपती संभाजीनगर, धाराशिव किंवा अहिल्यानगर असे लिहून विचारले, तर त्या तक्त्यातून शून्य उत्तर येते. म्हणूनच जनगणनेने प्रत्येक जिल्ह्याला क्रमांक दिलेला असतो. २०११ च्या यादीत महाराष्ट्राचे जिल्हे ४९७ (नंदुरबार) पासून ५३१ (सांगली) पर्यंत आहेत. औरंगाबाद ५१५. नाव बदलले तरी त्या यादीतली ५१५ ची ओळ तीच राहते. शाळेत हजेरी नावाने घेतली तरी दाखल्यावर रजिस्टर क्रमांक असतोच, तसेच हे.

रिकामा रकाना

आता माझी हकिगत. भूजलातील फ्लोराइड हा माझ्या कामाचा भाग आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत खोल विंधन विहिरींच्या पाण्यात ते खडकांतून उतरते. त्याला रंग नाही, वास नाही, चव कळत नाही आणि पाणी उकळून ते जात नाही. भारतीय मानकाप्रमाणे पिण्याच्या पाण्यात लिटरला १ मिलिग्रॅमपर्यंत फ्लोराइड चालते. दुसरे पाणी उपलब्धच नसेल तर १.५ पर्यंत. त्याहून जास्त असलेले पाणी वर्षानुवर्षे प्यायल्याने दातांवर आणि पुढे हाडांवर परिणाम होतो. दातांचे नुकसान होते ते कायमचे दात हिरडीच्या आत घडत असतात त्या वयात.

काही वर्षांपूर्वी पूर्वेकडच्या एका तालुक्यातील हातपंप आणि विहिरींच्या तपासणीचे आकडे माझ्याकडे आले. मी नकाशावर दोन थर केले. एकावर अट घातली, फ्लोराइड १.५ पेक्षा जास्त, ठिपके लाल. दुसऱ्यावर, १.५ किंवा त्याहून कमी, ठिपके हिरवे. दोन याद्या छापल्या आणि संबंधित कार्यालयाला दिल्या. काम चोख झाले असे मला वाटले. गावकऱ्यांपर्यंत त्यातली लाल यादी तेवढी पोहोचली.

तीन महिन्यांनी त्याच तालुक्यात शिक्षकांसमोर बोलायला गेले होते. भाषण झाल्यावर एक गुरुजी पुढे आले.

"मॅडम, आमच्या गावाचा ठिपका कोणता?"

मी लॅपटॉप उघडला. लाल ठिपक्यांत गाव नव्हते. हिरव्यातही नव्हते.

"तुमच्याकडे पाण्याचा नमुना घ्यायला कोणी आलं नव्हतं का, गुरुजी?"

"आला होता ना एक जण, बाटल्या घेऊन. पण त्या दिवशी पंप बिघडला होता. परत येतो म्हणाला." ते जरा थांबले. "सरपंच सांगतात, लाल यादीत आपलं नाव नाही म्हणजे पाणी चांगलं आहे. पण माझ्या दुसरीच्या पोरांचे दात बघा तुम्ही."

तक्ता उघडल्यावर गावाची ओळ सापडली. गावाचे नाव, पंपाचा क्रमांक, खोली, सगळे होते. फ्लोराइडचा रकाना रिकामा होता. पंप चार दिवसांत दुरुस्त झाला होता. नमुना घ्यायला मात्र पुन्हा कोणी गेले नव्हते, आणि मला ते विचारण्याचे सुचले नव्हते.

हे कसे घडले ते एका कल्पित तक्त्यावर पाहू. आठ विहिरी आहेत आणि त्यांचे फ्लोराइड असे : १ ली ०.६, २ री १.२, ३ री १.८, ४ थी रिकामी, ५ वी ०.९, ६ वी २.४, ७ वी ०, ८ वी रिकामी.

'१.५ पेक्षा जास्त' विचारले की दोन विहिरी मिळतात, ३ री आणि ६ वी. '१.५ किंवा कमी' विचारले की चार, १, २, ५ आणि ७. दोन आणि चार मिळून सहा. आठ कुठे आहेत? रिकाम्या रकान्याला संगणकाच्या भाषेत 'नल' म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. माहीत नसलेली गोष्ट १.५ पेक्षा जास्त आहे का? याचे प्रामाणिक उत्तर 'खरे' नाही आणि 'खोटे'ही नाही, तेही 'माहीत नाही' असेच आहे. संगणक ओळ निवडतो ती उत्तर 'खरे' आले तरच. म्हणून ४ थी आणि ८ वी विहीर दोन्ही वेळा बाहेर राहते.

यावर एक हुशारी सुचते. कमीची यादी वेगळी न करता 'नॉट' वापरू : 'नॉट ("फ्लोराइड" > १.५)'. म्हणजे लाल नसलेल्या सगळ्या येतील. पण येत नाहीत. 'माहीत नाही'च्या उलट काय? पुन्हा 'माहीत नाही'. उत्तर चारच. आणि "फ्लोराइड" = नल असे लिहिले तर शून्य विहिरी मिळतात, कारण एक अज्ञात दुसऱ्या अज्ञाताएवढे आहे का, हेही अज्ञातच. त्यासाठी खास रचना आहे, 'इज नल' :

"फ्लोराइड" इज नल

आता ४ थी आणि ८ वी हाती लागतात. दोन, चार आणि दोन, आठ. हिशेब जुळला.

कधीकधी अज्ञात असूनही उत्तर ठरते. समजा ४ थी विहीर ६० मीटर खोल आहे आणि आपण विचारले, फ्लोराइड १.५ पेक्षा जास्त 'ऑर' खोली ५० पेक्षा जास्त. फ्लोराइड काहीही असो, खोलीची अट पुरी झाली आहे. विहीर निवडली जाते. खरे, खोटे आणि माहीत नाही असे तीन मूल्यांचे तर्कशास्त्र तक्त्यांसाठी कॉड यांनी १९७९ मध्ये मांडले. त्यावर तज्ज्ञांत वाद पुष्कळ झाले आहेत. मला विचाराल तर संगणक येथे आपल्यापेक्षा प्रामाणिक आहे. तो 'माहीत नाही' असे म्हणतो आणि गप्प बसतो. त्याच्या गप्प बसण्याचा अर्थ 'चांगले' असा आपण लावतो.

आता ७ वी विहीर. तिच्यासमोर शून्य आहे. हे शून्य कोणी मोजले? पाण्यात फ्लोराइड खरोखरच इतके कमी होते की उपकरणाला सापडले नाही? की रकाना मोकळा दिसतो म्हणून कोणी शून्य भरले? की फाइल एका स्वरूपातून दुसऱ्यात नेताना ते आपोआप पडले? शेपफाइल नावाची नकाशा साठवण्याची जुनी पद्धत अजूनही सर्रास वापरात आहे, आणि तिच्यात नेताना रिकाम्या जागी शून्य लिहिले जाण्याचा प्रकार घडतो. असे शून्य नलपेक्षा घातक. नल निदान दोन्ही यादींतून गायब होते. शून्य हिरव्या यादीत जाऊन बसते, तेही सर्वांत चांगले पाणी म्हणून. हे ओळखायला कोणतीही अट पुरेशी नाही; ज्याने आकडा लिहिला त्याला विचारावे लागते, किंवा बाटली घेऊन विहिरीवर जावे लागते.

माझ्या चुकीत सॉफ्टवेअरच्या एका सोयीचाही वाटा होता. आकृत्या 'निवडल्या' तर न निवडलेल्या नकाशावर दिसत राहतात, फक्त त्यांचा रंग बदलत नाही. पण थराला 'गाळणी' लावली, तर अटीत न बसणाऱ्या आकृत्या नकाशावरून नाहीशा होतात. मी दोन्ही थरांना गाळणी लावली होती. नुसती निवड केली असती, तर त्या गावाचा ठिपका मूळच्या रंगात तसाच राहिला असता आणि कदाचित माझ्या डोळ्याला खुपला असता. तेव्हापासून मी सर्वांत खाली एक थर ठेवते, त्यावर कोणतीही अट नसते आणि सगळे ठिपके करडे असतात. जो ठिपका लाल किंवा हिरव्याखाली झाकला जात नाही, त्याची चौकशी करायची.

गुरुजींच्या गावचा नमुना त्याच आठवड्यात घेतला. फ्लोराइड १.५ च्या वर निघाले.

सुया आणि कार्डे

शाळेत संगणक नसला, किंवा एकच असला, तरी हे सगळे पुठ्ठ्याच्या कार्डांवर करता येते. संगणक घरोघर येण्यापूर्वी संशोधक आपल्या नोंदी अशा कार्डांवर खरोखरच ठेवत. पोस्टकार्डाएवढी कार्डे कापावीत आणि सगळ्यांच्या वरच्या कडेला नेमक्या त्याच जागी भोके पाडावीत. गठ्ठा एकत्र धरून पंचने पाडली तर ती जुळतात. प्रत्येक भोक म्हणजे एक अट. गावातल्या प्रत्येक विहिरीचे किंवा हातपंपाचे एक कार्ड. 'उन्हाळ्यात आटते' ही अट खरी असेल, तर त्या कार्डाचे ते भोक कात्रीने वरच्या कडेपर्यंत उघडायचे. खोटी असेल तर भोक तसेच ठेवायचे.

मग कार्डे कशीही पिसून गठ्ठा करा आणि त्या भोकातून विणायची सुई घालून गठ्ठा उचला, हलवा. ज्यांची भोके उघडी आहेत ती कार्डे खाली पडतात. ही झाली निवड. दोन भोकांतून दोन सुया एकदम घातल्या, तर दोन्ही उघडी असलेली कार्डेच पडतात, हे 'अँड'. आधी एका सुईने पडलेली कार्डे बाजूला ठेवून, उरलेल्यांतून दुसरी सुई घालून पडलेली त्यात मिळवली, तर 'ऑर'. सुईवर अडकून राहिलेली, म्हणजे 'नॉट'. सातवीची मुले अर्ध्या तासात यात तरबेज होतात आणि एकमेकांना अवघड प्रश्न घालू लागतात.

पण येथे एक अडचण मुलांनीच शोधून काढावी, अशी वाट पाहावी. ज्या विहिरीबद्दल माहितीच मिळाली नाही, तिचे भोक कापायचे की नाही? कापले नाही तर ती 'आटत नाही' वाल्यांबरोबर सुईवर राहते. एका भोकात तीन उत्तरे मावत नाहीत. तेव्हा प्रत्येक अटीसाठी दोन भोके पाडायची, एक 'हो'चे आणि एक 'नाही'चे. माहिती असेल त्याप्रमाणे दोहोंपैकी एक कापायचे. माहिती नसेल तर कोणतेच नाही. आधी 'हो'च्या भोकातून सुई घाला, पडलेली बाजूला ठेवा. उरलेल्यांच्या 'नाही'च्या भोकातून घाला, पडलेली वेगळी ठेवा. दोन्ही वेळा न पडलेली जी कार्डे सुईवर राहतील, त्यांच्यावरची नावे फळ्यावर लिहा, आणि शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मुलांना घेऊन त्या विहिरींवर जा.